कुलूप दाराचे, पहारा शेजाराचा

परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि पुण्यातील हजारो कुटुंबे गावी, देवाला वा थंड हवेच्या ठिकाणी निघाली. घराला कुलूप लावून चार दिवस निर्धास्तपणे बाहेर जाता यावे, हे सुराज्याचे एक साधे पण खरे लक्षण होय. हा निर्धास्तपणा आज आमच्या नगरात उरला आहे काय? ‘बंद सदनिकेचा कडीकोयंडा उचकटून दागिने व रोकड लंपास’ ही ओळ वृत्तपत्राच्या वाचकाला आता इतकी पाठ झाली आहे की, तीवरून त्याची नजर न थबकता पुढे सरकते. ज्याच्या घरावर हा प्रसंग आला, त्याचे दुःख मात्र एका ओळीत मावणारे नसते. आईने लेकीसाठी पैपै साठवून केलेल्या बांगड्या जातात. त्याहूनही मोठी गोष्ट जाते ती ही की, आपले घर आपल्याला सांभाळील हा विश्वास जातो. पुढे कित्येक महिने रात्री भांडे पडले तरी त्या घरातली माणसे दचकून उठतात. नगराने या दुःखाची सवय करून घ्यावी, हे आम्हांला मान्य नाही.

घरफोडी होते कशी, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे. घरफोड्या हा शूर पुरुष नव्हे. त्याला झुंज नको असते. त्याला रिकामे घर हवे असते. म्हणून तो आधी खुणा शोधतो. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दोन दिवस न उचललेली दुधाची पिशवी, संध्याकाळी न लागलेला दिवा, आणि दाराबाहेर लोंबणारे भले थोरले कुलूप, या सर्व खुणा त्याला एकच गोष्ट सांगतात की, आत कोणी नाही. आता त्यांत आणखी एका खुणेची भर पडली आहे. महाबळेश्वरला पोहोचताच आपण सहकुटुंब छायाचित्र मोबाईलवरून जगजाहीर करतो. म्हणजे घर रिकामे असल्याची दवंडी आपण स्वतःच पिटतो!

खुणा पटल्या की काम अवघड नसते. कुलूप सात लिव्हरचे असो की नऊ, ते ज्या कोयंड्यात अडकविले जाते तो कोयंडा बहुधा मऊ लाकडात आखूड स्क्रूंनी बसविलेला असतो. चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. कटावणी घालून तो कोयंडाच उपटतो. हजार रुपयांचे कुलूप तसेच शाबूत राहते आणि घर मात्र धुऊन निघते. पण या सगळ्या करामतीत आम्हांला सर्वांत बोलकी वाटते ती एक बारीकशी गोष्ट. अनेक ठिकाणी चोर हात घालण्यापूर्वी त्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात. चोराला भय कशाचे वाटते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? तो कुलपाला भीत नाही; तो शेजाऱ्याला भितो. आणि चोर ज्याला भितो, नेमके तेच आपण आपल्या जीवनातून हद्दपार करीत चाललो आहोत!

कुलपाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत स्वदेशी कुलपांचा कारखाना काढला आणि या देशातील घरांची मोठी सेवा केली. परंतु कुलपाचे काम चोराला उशीर करणे हे आहे. त्या उशिराचा उपयोग करून कोणी तरी जागे व्हावे, खिडकी उघडावी, ‘कोण आहे?’ म्हणून दरडावावे, ही अपेक्षा त्यात गृहीत असते. दरडावणारे कोणी नसेल, तर कुलूप पाच मिनिटे टिकले काय आणि पंचवीस मिनिटे टिकले काय, परिणाम एकच!

पुण्याला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मुठेच्या पुराने शेकडो वाडे कोसळले, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत वाड्यांचे हे शहर गृहनिर्माण संस्थांचे शहर झाले. वाड्यातील जीवन सुवर्णयुग होते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. तेथे नळावरची भांडणे होती, कोंदटपणा होता, आणि दुसऱ्याच्या घरात नको तितके डोकावणेही होते. पण सोप्यात बसलेल्या आजोबांना ओलांडल्याशिवाय परका माणूस चौकात पाऊल टाकू शकत नसे. बाहेरगावी जाणारे कुटुंब ‘घराकडे लक्ष ठेवा हो’ एवढे म्हणून किल्ली शेजारी देत असे, आणि ते लक्ष खरोखरच ठेवले जाई. आज एकाच जिन्यावर दहा वर्षे राहणाऱ्या दोन कुटुंबांना परस्परांची आडनावे दारावरील पाट्या वाचून कळतात. समोरच्या दारातून भरदुपारी दोन अनोळखी माणसे जड पिशव्या घेऊन निघाली तरी ‘असतील त्यांचे पाहुणे’ म्हणून आपण दार लावून घेतो. याला आपण सभ्यता म्हणतो. चोर याला सोय म्हणतो.

शेजाराची ही जागा आपण रखवालदार आणि कॅमेरा यांना देऊ केली. रखवालदाराची पूर्वचौकशी झालेली असावी, त्याला रीतसर शिक्षण मिळालेले असावे, असे खासगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा कायदा सांगतो. किती गृहसंस्था ही कागदपत्रे मागून पाहतात? एका वृद्ध माणसाला बारा तास फाटकावर बसवायचे, पाण्याचा पंप, मोटारींची जागा, कुरिअरची पाकिटे हे सर्व त्याच्या गळ्यात घालायचे, वर त्याने पहाटे तीन वाजता वाघासारखे जागे राहावे अशी अपेक्षा धरायची, हा न्याय नव्हे. राहता राहिला कॅमेरा. तपासाला त्याचा उपयोग होतो, हे खरे. परंतु चोर तोंड झाकून आला, तर कॅमेरा तोंड झाकलेला चोर दाखवितो. सामान्यतः तो झालेली चोरी सांगतो. होणारी चोरी अडवीत नाही.

मग करावे काय? प्रथम ज्याने त्याने आपले घर आवरावे. कोयंडा चौकटीत खोलवर आणि लांब स्क्रूंनी बसवावा. बाहेर लोंबणाऱ्या कुलपाऐवजी दारातच बसविलेले कुलूप आणि पुढे लोखंडी जाळीचे दार असावे. किल्ली पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात किंवा विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवू नये. या जागा चोराला आपल्याइतक्याच ठाऊक असतात. वापरात नसलेले सोने बँकेच्या लॉकरमध्ये असावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग वा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. हे संरक्षण पुरेसे नाही, हे जाणूनच लॉकर घ्यावा. तरीही तो साड्यांच्या घडीखालच्या डब्याहून बरा. दागिन्यांची छायाचित्रे, वजने व पावत्या वेगळ्या जपाव्यात. कारण माल सापडल्यावर ‘हा माझाच’ हे सिद्ध करावे लागते.

आणि सर्वांत आधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे. ‘आम्ही आठ दिवस नाही, पेपर उचला, संध्याकाळी दिवा लावा, काही वेगळे दिसले तर ११२ वर कळवा’ एवढे सांगायला खर्च नाही. खर्च आहे तो अहंकाराचा! प्रत्येक गृहसंस्थेने सुट्टीच्या दिवसांत कोणती घरे बंद आहेत याची नोंद दोघा-तिघा विश्वासू सभासदांकडे ठेवावी. ती फलकावर लावण्याचा शहाणपणा मात्र करू नये.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. सावधपणा निराळा आणि संशयपिशाच निराळे. चोरी झाली की पहिले बोट धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे, भंगार वेचणाऱ्याकडे, पालात राहणाऱ्या भटक्याकडे वळते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा पुसला, पण मनातला कायदा अजून पुसला गेलेला नाही. केवळ संशयाचे राज्य कोठे नेते, हे पुण्याने १७९१ मध्येच पाहिले आहे. घाशीराम कोतवालाच्या अमलात कोंडलेले तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेले, आणि खवळलेल्या शहराने त्या कोतवालाचा दगडांनी अंत केला. सत्तेचा अविवेक आणि जमावाचा अविवेक, दोन्ही एकाच कथेत! १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या असताना, दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले, ही गोष्ट तर कालपरवाची आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे, पण तो आवश्यक तेवढ्याच बळाचा. पकडलेल्याला खांबाला बांधून मारणे हे संरक्षण नव्हे; तो दुसरा गुन्हा होय.

नागरिकाला त्याचे कर्तव्य सांगितल्यावर सरकारला मोकळे सोडता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत, तर चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. शिक्षा कडक आहे. पण चोर पकडला जाणारच नसेल, तर चौदा वर्षे काय आणि चाळीस वर्षे काय! नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर आता बेकायदेशीर आहे. तपास कोठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सापडलेला मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात कुजू न देता पंचनामा व छायाचित्रे करून लवकर मालकाला द्यावा, पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. फिर्यादीने हे हक्क मागावेत आणि पोलिसांनी ते मागण्यापूर्वी द्यावेत.

आणखी एक गोष्ट. चोर सोने खात नाही. तो ते विकतो. कोणी तरी ते पावतीशिवाय, अर्ध्या भावात, डोळे मिटून घेतो आणि रातोरात आटवितो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे. हा घेणारा हात जोवर मोकळा आहे, तोवर एक चोर तुरुंगात गेला तरी दुसरा तयार होईल. रात्रीची गस्त वाढवाच. पण दिवसाढवळ्या चालणाऱ्या या खरेदीवरही गस्त घाला.

पोलीस प्रत्येक जिन्यावर उभा करता येणार नाही, आणि तसे शहर कोणाला हवेसेही वाटणार नाही. परंतु प्रत्येक जिन्यावर शेजारी आहे. तो जागा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि तो जागा राहावा असे वाटत असेल, तर आधी आपण त्याच्या घरासाठी जागे राहिले पाहिजे. पुणेकरांनी सुट्टीवर अवश्य जावे, आनंदाने जावे. मात्र दाराला कुलूप लावण्यापूर्वी समोरचे दार एकदा ठोठवावे, एवढीच आमची विनंती आहे.