विद्यापीठांच्या इमारती उभ्या राहिल्या. देखभालीचा भार कोणावर?

नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृह शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा देशभर चर्चा झाली ती प्रामुख्याने आंदोलनाच्या राजकारणाची. वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र निव्वळ व्यवहाराचा होता. वसतिगृह स्वच्छ ठेवणाऱ्या आणि भोजनालय चालविणाऱ्या कामगारांचे वेतन, विजेचे व पाण्याचे देयक नेमके कोणी भरायचे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अनेक सार्वजनिक विद्यापीठांना आजही सापडलेले नाही.

त्या वेळी एका विद्यार्थ्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० रुपये आणि दोघांच्या खोलीचे १० रुपयांवरून ३०० रुपये करण्याचे ठरले होते. त्याहून मोठा बदल होता तो पूर्वी नसलेल्या दरमहा १,७०० रुपयांच्या सेवाशुल्काचा. शिवाय वीज व पाण्याचा खर्चही प्रत्यक्ष वापराप्रमाणे वसूल केला जाणार होता. वीज-पाण्याची देयके आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे वेतन यांमुळे ४५ कोटी रुपयांहून अधिक तूट आल्याचे प्रशासनाने सांगितले. विरोधानंतर दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना काही सवलती जाहीर झाल्या. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उर्वरित विद्यार्थ्यांना जुन्या नियमांनुसार नोंदणी करण्याची मुभा दिली. आंदोलन निवळले, पण तुटीमागची कारणे कायम राहिली.

ही कारणे अनुदानाच्या रचनेत आहेत. केंद्रीय विद्यापीठांना मिळणारे अनुदान वेतन, आवर्ती खर्च आणि भांडवली मालमत्ता अशा तीन शीर्षांखाली दिले जाते. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन टाळता येत नाही. नव्या इमारतीसाठी वेगळी तरतूद असते. देखभाल, स्वच्छता, सुरक्षा, वीज, पाणी व कंत्राटी मनुष्यबळ हे सारे आवर्ती खर्चाच्या मधल्या शीर्षात दाटीवाटीने बसवावे लागते. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तेथेच लागते.

बांधकामासाठी मात्र गेल्या दशकभरात निधीचे नवे मार्ग खुले झाले. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांच्या भागीदारीतून २०१७ मध्ये 'हेफा' ही उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन झाली. तिच्या कर्जावरील व्याजाचा भार सरकार उचलते. मुद्दल मात्र दहा वर्षांहून जुन्या तंत्रशिक्षण संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातून पूर्णपणे फेडावे, तर २०१४ पूर्वीच्या केंद्रीय विद्यापीठांनी १० टक्के फेडावे, असे सूत्र २०१८ मध्ये ठरले. राज्य विद्यापीठांसाठी २०१३ मध्ये 'रुसा' अभियान सुरू झाले. २०२३ मध्ये ते 'पीएम-उषा' या नावाने पुढे आले व तीन वर्षांसाठी त्याला १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. या निधीतून प्रयोगशाळा, वर्गखोल्या व वसतिगृहे उभी राहतात. त्यांच्या छताची गळती दहा वर्षांनी कोणी थांबवायची, याचे उत्तर त्यात नसते.

मूल्यमापनाची पद्धतही या दुर्लक्षाला पूरक ठरली. 'नॅक'ने २०१७ मध्ये लागू केलेल्या आराखड्यात विद्यापीठांसाठी एकूण १,००० गुण होते. त्यांपैकी परिसराच्या देखभालीसाठी केवळ २० गुण राखून ठेवले होते. कुलगुरूंच्या कारकिर्दीची ओळख नव्या इमारतीच्या कोनशिलेवरून होते. जुन्या इमारतीची जलवाहिनी वेळेवर बदलल्याची नोंद कोठेही होत नाही.

दरम्यान, परिसरांवरील ताण वाढतच आहे. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण लागू करताना इतर प्रवर्गांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून केंद्रीय संस्थांनी एकूण जागा सुमारे २५ टक्क्यांनी वाढविल्या. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील विद्यार्थिसंख्या ४ कोटी ३३ लाख आणि पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट आहे. यापुढे येणाऱ्यांत घराण्यातून प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींचा वाटा मोठा असणार. त्यांच्यासाठी वसतिगृह ही चैनीची बाब नसून प्रवेशाचीच अट आहे. महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून रोख साहाय्य दिले जाते. वसतिगृहांतील जागा गरजेपेक्षा कमी आहेत, याचीच ही कबुली होय.

सहायक सेवांची व्याप्तीही आता बदलली आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यास सांगतो. हे आदेश योग्यच आहेत. मात्र समुपदेशकाचे वेतन आणि उद्वाहनाची दुरुस्ती हे दोन्ही खर्च पुन्हा त्याच आवर्ती शीर्षावर येऊन पडतात.

सेवा वापरणाऱ्यानेच खर्च सोसावा, हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. दशकानुदशके दहा-वीस रुपयांवर गोठविलेले भाडे हा नियोजनाचा अभावच होता. परंतु अनेक वर्षे न केलेली वाढ एका झटक्यात लादली, तर तिची किंमत सर्वांत गरीब विद्यार्थी शिक्षण सोडून चुकवितो.

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. नव्या इमारतीस मंजुरी देतानाच तिच्या देखभालीसाठी ठरावीक निधी बाजूला ठेवणे बंधनकारक करता येईल. इमारती व सेवांच्या स्थितीचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे मांडता येईल, आणि शुल्कात वाढ करायचीच झाली तर ती थोडी, नियमित व उत्पन्नाशी निगडित ठेवता येईल. परिसर व्यवस्थापन हे प्रशिक्षित व उत्तरदायी अधिकाऱ्याचे काम आहे, ही जाणीवही रुजायला हवी. अन्यथा पटनोंदणीचे उद्दिष्ट कागदावर गाठले जाईल, पण वसतिगृहाच्या दारातून परतणाऱ्या विद्यार्थ्याची गणना त्या आकड्यांत कोठेच होणार नाही.