मडगावला आम्ही तिघंच होतो

वर्ल्ड कप आला की आमच्या कोल्हापुरात गल्ल्यांमध्ये आडव्या दोऱ्या बांधल्या जातात. अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे, ब्राझीलचं पिवळं-हिरवं, चौकात मेस्सीचं कटआउट. मीही त्या दोऱ्या बांधल्या आहेत. 1986 साली दूरदर्शनवर मॅराडोना पाहिला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ते प्रेम खरं आहे, ते कुणी सोडावं असं मी म्हणत नाही.

पण 14 ऑक्टोबर 2025 ची संध्याकाळ मनातून जात नाही. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत-सिंगापूर, आशियाई फुटबॉल करंडकाची पात्रता फेरी. हरलो तर खेळ खलास. कोल्हापूरपासून गाडीनं पाच-सहा तासांचा रस्ता. आठवडाभर पेठेत विचारत फिरलो. "कशाला दादा, हरणारच की," हेच ऐकलं. शेवटी तिघं गेलो. आपल्या छांगतेनं सुरुवातीलाच गोल मारला, मग सिंगापूरनं दोन मारले. येताना गाडीत कुणी बोललं नाही.

मला हार लागली, त्याहून ते 'हरणारच की' जास्त लागलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही तालमीचा माणूस घ्या. तीन गोल बसले तरी त्याची हलगी थांबत नाही. तालीम हरली म्हणून कुणी पलीकडच्या तालमीचा होत नाही. आजोबा तिथल्या लाल मातीत घुमलेले असतात, लेफ्ट विंगला खेळणारा पोरगा शेजारच्या घरातला असतो. त्या नात्यात रँकिंग कोण विचारतो? मग देशाच्या संघापुढंच आपण गिऱ्हाईक का होतो? आधी जिंका, मग बघू म्हणून?

आणि तो संघ परका आहे कुठं? 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताच्या जर्सीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपण तिन्ही सामने हरलो, पण पोरगा आपलाच होता ना? तसाच छांगते मिझोरामच्या कुठल्यातरी गल्लीचा आहे. मिझोराम मी पाहिलेलं नाही, तिथली भाषा मला येत नाही. त्या रात्री तो गोल झाला आणि मी खुर्चीवरून उठून घसा बसेपर्यंत ओरडलो. इतक्या लांबचा पोरगा एका क्षणात माझ्या पेठेचा झाला. झेंडावंदनाला मान ताठ होते, पण देश इतका जवळ मला क्वचितच वाटला आहे.

फुटबॉल महासंघाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. 2022 मध्ये फिफानं आपल्याला काही दिवस निलंबितही केलं होतं. तक्रारी जरूर मांडाव्यात, पण गॅलरीत बसून. 2018 च्या जूनमध्ये कर्णधार सुनील छेत्रीनं लोकांना हात जोडून बोलावलं, तेव्हा केनियाविरुद्ध अंधेरीचं मैदान भर पावसात भरलं होतं. भारत 3-0 जिंकला. म्हणजे माणसं येतात.

भारताचा सामना पुन्हा मडगावला लागला की मी मोठी गाडी ठरवणार आहे. पहाटे मिरजकर तिकटीवरून निघायचं. गेल्या वेळी आमच्याकडं हलगी नव्हती, वाजवणारा कुणी आला तर पुढची सीट त्याची.