पिनाकला हमी, कापसाला हर्रास

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत मांडलेल्या अंदाजपत्रकात कापसाची उत्पादकता वाढविण्यासाठी पाच वर्षांची मोहीम जाहीर झाली आणि पहिल्या वर्षासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद दाखविण्यात आली. पाचच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, संरक्षण मंत्रालयाने ‘पिनाक’ या बहुनळी अग्निबाण यंत्रणेचे दारूगोळे आणि तिच्या संगणक-प्रणालीची सुधारणा यांसाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी तरी ते घेतले पाहिजेत. पिनाकचे अग्निबाण नागपूर-चंद्रपूरच्या पट्ट्यात तयार होतात आणि कापूसही याच मातीत पिकतो. एका मालाला शासन कसे वागविते आणि दुसऱ्याला कसे, हे बाभुळगावसारख्या तालुक्यातून जितके स्पष्ट दिसते तितके दिल्लीतून दिसणार नाही.

पिनाक म्हणजे काय? आठ चाकांच्या अवजड मालमोटारीवर बसविलेल्या बारा नळ्या, प्रत्येक नळीत २१४ मिलिमीटर व्यासाचा एक अग्निबाण, आणि ४४ सेकंदांत बाराही अग्निबाण सुटतील अशी व्यवस्था. अशा सहा मालमोटारींची तुकडी पाऊण मिनिटाच्या आत ७२ अग्निबाण डागते. मूळ आवृत्तीचा पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास होता. मार्गदर्शित आवृत्तीचा तो ७५ किलोमीटरच्या पुढे गेला आहे. मारा करून शत्रूच्या तोफांनी नेम धरण्याआधी जागा सोडायची, ही या शस्त्राची खुबी. १९४१ साली सोव्हिएत सैन्याने मालमोटारीवरील ‘कात्यूशा’ रणांगणात आणली, तेव्हापासून ही खुबी जगभरच्या सैन्यांना ठाऊक आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र या शस्त्राची दुसरी एक खुबी अधिक महत्त्वाची आहे. मालमोटार एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकते. अग्निबाण पाऊण मिनिटात संपतात. शिवाय न वापरलेले अग्निबाणही साठ्यात जुने होतात आणि बदलावे लागतात. म्हणजे यंत्रणा स्वीकारली की अग्निबाणांची मागणी कायमची उभी राहते. या मागणीला ग्राहक एकच, भारत सरकार. परदेशात विकायचे म्हटले तरी सरकारची परवानगी लागते. ज्याच्या हाती हा पुरवठा येतो, त्याला मंदी ठाऊक होत नाही.

हा पुरवठा कोणाच्या बुद्धीवर आणि कोणाच्या पैशावर उभा राहिला? पिनाकच्या विकासाला १९८६ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. आराखडा पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने केला. अग्निबाणाचे इंधन पुण्याच्याच उच्च-ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळेने सिद्ध केले. दोन्ही सरकारी संस्था. नागपूरजवळच्या अंबाझरी आणि भद्रावतीजवळच्या चांदा या सरकारी आयुधनिर्माणींतील कामगारांनी ते अग्निबाण घडविले. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत या यंत्रणेची प्रत्यक्ष युद्धात परीक्षा झाली आणि ती उतरली. या कर्तृत्वाबद्दल शास्त्रज्ञांचे व कामगारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्याच १९८६ सालच्या १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार मुलांसह मरण पत्करले. राज्यभर गाजलेली ही पहिली शेतकरी-आत्महत्या. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन कहाण्या पुढील चार दशके शेजारी शेजारी चालत आल्या. एकीत शासनाने तेरा-चौदा वर्षे धीर धरला, पैसा पुरविला, अपयशे सोसली. दुसरीत शासनाने चौकशी समित्या नेमल्या.

पिनाक यशस्वी होताच तिच्या फळांची वाटणी कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सहा रेजिमेंटांसाठी सुमारे २,५८० कोटी रुपयांचे करार झाले. त्यात वाहने पुरविण्याचे काम भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीकडे आले. प्रक्षेपक आणि नियंत्रण-केंद्रे यांचे काम टाटा आणि लार्सन अँड टुब्रो यांच्याकडे गेले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कामगार संघटनांनी संपाची हाक देताच जूनमध्ये अध्यादेश आणि ऑगस्टमध्ये कायदा करून संप बेकायदा ठरविण्यात आला. संरक्षण कामगारांच्या ज्या अखिल भारतीय फेडरेशनचे नेतृत्व एस. एम. जोशींनी केले, तिला हा दिवस पाहावा लागला. आणि फेब्रुवारी २०२५ च्या करारांत अग्निबाणांचे काम म्युनिशन्स इंडिया ही नवी सरकारी कंपनी आणि नागपूरच्या सोलर समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज यांच्यात वाटले गेले. समूहाने शेअरबाजाराला कळविल्यानुसार त्याच्या वाट्याला ६,०८४ कोटी रुपयांची मागणी आली आणि ती दहा वर्षांत पुरवायची आहे. एकूण रकमेच्या साठ टक्के.

येथे हिशेब काटेकोर केला पाहिजे, कारण ढोबळ तुलना विरोधकांच्या सोयीची असते. १०,१४७ कोटी एका वर्षाचे नाहीत आणि ५०० कोटी पाच वर्षांचे नाहीत. तेव्हा वर्षाला वर्ष लावून पाहू. एका खाजगी समूहाला एका शस्त्राच्या अग्निबाणांसाठी वर्षाकाठी सरासरी ६०८ कोटी. देशातल्या सर्व कापूस उत्पादकांच्या मोहिमेला पहिल्या वर्षी ५०० कोटी. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सत्ताधारी आकड्यांच्या अचूकतेवर वाद घालीत बसले. या हिशेबात तर वादालाही जागा नाही. दोन्ही आकडे त्यांचेच आहेत.

तरी रकमेपेक्षा अटी अधिक बोलक्या आहेत. अग्निबाण करणाऱ्याला दहा वर्षांची खरेदी ठरवून मिळते. तंत्रज्ञान सरकारी प्रयोगशाळा देते, चाचणी चांदीपूरच्या सरकारी तळावर होते. किंमत ठरविताना कच्चा माल, यंत्रांची झीज, भांडवलाचे व्याज आणि नफा हे सर्व धरूनच कंपनी आकडा भरते. तोटा सोसण्यासाठी कोणी निविदा भरत नाही. परदेशी मालाची स्पर्धा नको म्हणून २०२० पासून संरक्षण मंत्रालय आयात बंद करावयाच्या शस्त्रांच्या याद्या काढीत आले आहे.

आता कापूस पाहा. हमीभाव ठरविताना प्रत्यक्ष खर्च आणि घरच्यांच्या राबण्याचे मोल तेवढे धरतात. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज हिशेबाबाहेर राहते. स्वामिनाथन आयोगाने ते धरायला सांगितले, त्याला दोन दशके होत आली. अशा अपुऱ्या हिशेबाने २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल भाव जाहीर झाला. पण जाहीर होणे आणि पदरात पडणे यांत अंतर असते. कापूस महामंडळाकडे विकायचा तर मोबाइलवर नोंदणी हवी, सातबारा हवा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेल्या पहिल्या वेचणीचा कापूस तेथून परत फिरतो आणि खाजगी व्यापाऱ्याच्या हर्रासात पडेल त्या भावाने जातो. आयातीचे काय? १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क माफ करण्यात आले आणि माफीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली गेली. नेमके हेच महिने वेचणीचे आणि विक्रीचे. शस्त्रांच्या कारखान्याला आयातबंदीचे कुंपण, आणि पऱ्हाटीच्या वावराचे असलेले कुंपणही ऐन सुगीत काढून घ्यायचे, याला स्वावलंबन म्हणतात!

कोणी म्हणेल, शासनाने कापसाचा एकमेव खरेदीदार होऊन पाहिले आणि हात पोळून घेतले. महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ च्या हंगामात सुरू झाली आणि २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्याला दार उघडून ती मोडीत काढण्यात आली. तिच्यात दोष होते. ग्रेडरची मनमानी, रखडलेले चुकारे, परराज्यांतून शिरणारा कापूस, पुढाऱ्यांची वशिलेबाजी, हे सारे विदर्भातल्या शेतकऱ्याने भोगले आहे. पण योजना बंद करताना दोषांची यादी पुढे करण्यात आली नाही. पुढे करण्यात आला तोटा. काही हजार कोटींचा तोटा राज्याला परवडत नाही, असे सांगण्यात आले. मग प्रश्न असा की, संरक्षण खरेदीत ‘तोटा’ हा शब्द का उच्चारला जात नाही? तेथेही शासन एकमेव खरेदीदार आहे आणि विकत घेतलेला माल पुन्हा विकून एक पैसाही वसूल होत नाही. उत्तर असे देतात की संरक्षण ही राष्ट्राची गरज आहे, तिला नफा-तोट्याचे माप लावू नये. हे उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त ते कापसालाही लागू आहे. ज्या देशातला शेतकरी विषारी फवारणीने आणि कर्जाने मरतो, त्या देशाच्या संरक्षणात मोठे भगदाड आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले; हे बळी कोणत्या शत्रूच्या माऱ्यात गेले?

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे विदर्भाच्या पोरांना काम मिळाले, असे सांगितले जाते. मिळाले, हे खरे. कोणत्या अटींवर मिळाले, हे बाभुळगावहून वर्धा नदी ओलांडून गेले की कळते. पलीकडे पुलगावचा केंद्रीय दारूगोळा साठा आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशामक मिळून सोळाहून अधिक माणसे गेली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव (आबाजी) येथे निकामी दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरविताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले आणि त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या सोलर कारखान्यात कोळसा खाणींसाठी लागणाऱ्या स्फोटकांच्या विभागात नऊ कामगार मेले. त्यांत सहा स्त्रिया. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर येथील सरकारी आयुधनिर्माणीत आठ जण मेले. त्यानंतर तेरा दिवसांनी पिनाकचे करार झाले. मालक सरकारी की खाजगी, हा भेद स्फोटकाला कळत नाही. तेव्हा मालकी सरकारी झाली म्हणजे कामगार आपोआप सुरक्षित होतो, अशा समजुतीत समाजवाद्यांनीही राहू नये. शेती परवडत नाही म्हणून घराबाहेर पडलेला माणूस रोजंदारीवर दारूगोळा उचलतो. कापसाचा पडलेला भाव त्याला त्या फाटकापर्यंत ढकलतो. एकाला दिलेली हमी आणि दुसऱ्याला नाकारलेली हमी येथे एकमेकींना भेटतात.

विकत काय घेतले, याचाही विचार झाला पाहिजे. या करारांतील एका प्रकारच्या अग्निबाणाच्या शिरोभागात लहान लहान स्फोटके असतात आणि ती मोठ्या क्षेत्रावर विखुरली जातात. असे शस्त्र २००८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याज्य ठरविले आहे. त्या करारावर भारताने सही केलेली नाही, अमेरिका, रशिया आणि चीन यांनीही केलेली नाही. न फुटलेली स्फोटके युद्ध संपल्यावर शेतात उरतात. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात पडलेली अशी स्फोटके पुढे अनेक दशके नांगराखाली फुटत राहिली. ती कोणत्याही देशाच्या शेतात पडली तरी बळी नांगर धरणाऱ्याचाच जातो. संसदेत या प्रश्नावर एक दिवसाची चर्चा मागणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

सीमेचे रक्षण झालेच पाहिजे. १९९९ चे कारगिल आणि २०२० चे गलवान विसरून भाबड्या शांतिपाठाने ते होणार नाही. देशी बुद्धीने घडलेले पिनाक परदेशी शस्त्रापेक्षा केव्हाही बरे. म्हणूनच सार्वजनिक पैशातून जन्मलेल्या या यंत्रणेच्या अग्निबाणांची किंमत कशी ठरली, याचा तपशील संसदीय समितीपुढे यावा. संशोधनाच्या खर्चाची परतफेड खाजगी नफ्यातून व्हावी. स्फोटकांच्या प्रत्येक कामावर कायम, प्रशिक्षित आणि विमाधारक कामगार असावा. तेथे कंत्राटी पद्धत पूर्णपणे बंद व्हावी. आणि जी खरेदीची हमी अग्निबाणाला दहा वर्षांसाठी मिळते, ती कापसाला निदान पाच हंगामांसाठी, जमिनीचा खंड व व्याज धरून काढलेल्या भावाने, कायद्याने मिळावी. २०२५-२६ च्या हमीभावाने हिशेब केला तर १०,१४७ कोटी रुपयांत सव्वा कोटी क्विंटल कापूस येतो, म्हणजे महाराष्ट्राच्या एका वर्षाच्या पिकाचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक. शिवाय हा कापूस विकून बहुतेक पैसा परतही येतो. तेव्हा शासनाला परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

बाभुळगाव तालुक्यात खडक सावंगा येथे बेंबळा नदीवर धरण उभे राहिले. त्याचे कालवे आणि पाटचाऱ्या पुऱ्या होण्याची वाट शेतकऱ्यांची एक पिढी पाहत राहिली आणि दरम्यान खर्च कित्येक पटींनी वाढला. अग्निबाण कोणत्या वर्षी किती पोचवायचे हे करारात लिहिलेले असते. पाटचारीचे पाणी शेताला कोणत्या तारखेला पोचेल, आणि उशीर झाला तर भरपाई कोण देईल, याचा करार शासनाने बाभुळगावच्या शेतकऱ्याशी आजवर केलेला नाही. येत्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्या लागतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी हे दोन हिशेब एका कागदावर छापून प्रत्येक गाडीवानाच्या हाती द्यावेत आणि गावोगावच्या ग्रामसभांत ठराव करून घ्यावेत. मागणी एवढीच की, शासनाने पिनाकच्या अटींवर कापूस खरेदी करावा.