सातबारा तोच, मालक नवा

मंडळी, आपल्याकडे शेत विकले की सातबारावरचे नाव बदलते. कंपनीचे तसे नसते. नाव तेच राहते आणि मालक बदलतो.

छत्तीसगडात कोरबा येथे बाल्को ही ॲल्युमिनियमची सरकारी कंपनी होती. बॉक्साइटच्या खाणीही तिच्याच. २००१ साली केंद्र सरकारने तिचे ५१ टक्के भाग स्टरलाइट कंपनीला ५५१.५ कोटी रुपयांना विकले. २ मार्चला करार झाला आणि लगेच ३ मार्चपासून कामगार संपावर गेले. तब्बल ६७ दिवस! राज्य सरकारही विक्रीच्या विरोधात उभे राहिले. आदिवासी भागातली जमीन खाजगी हातात जाता कामा नये, हे त्याचे म्हणणे.

वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १० डिसेंबर २००१ रोजी निकाल लागला, तो विक्रीच्या बाजूने. विक्रीपूर्वी कामगारांना विचारलेच पाहिजे असा हक्क त्यांना नाही, असे न्यायालय म्हणाले. जमीन बाल्कोला रीतसर दिलेली होती. कारभारी बदलले तरी ती बाल्कोकडेच राहते.

कामगारांच्या पदरी उरले ते करारात लिहिलेले. एक वर्ष कोणाची कपात करायची नाही, असे कलम त्यात होते.

तेव्हा गावात कोणी कंपनीसाठी जमीन मागायला आले, तर पोराची नोकरी, पाणी, वहिवाटीचा रस्ता सारे कागदावर घ्या. ‘पुढे मालक बदलला तरी हे पाळावे लागेल’ असेही लिहून घ्या. तोंडी शब्द जुन्या मालकाबरोबरच जातो.