लपविलेल्या खात्यावरील व्याज

मागील महिन्यात माझी पुतणी मोबाइल व लहानसा माइक घेऊन भंडाऱ्याच्या आमच्या घरी आली. "काका, बाबांच्या आजारपणावर लघुपट करते आहे. त्या दिवसांविषयी तुम्ही बोलाल का?" तिचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तोंडाच्या कर्करोगातून तो वाचला. जबड्याचा एक भाग मात्र त्याला गमवावा लागला. मी होकार दिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

भावाला खर्र्याचे व्यसन होते. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भात कोणत्याही पानठेल्यावर मिळते. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली, तरी खर्रा घोटणे थांबले नाही. भावाच्या गालातील जखम भरून येईना, तिखट सोसेना, तोंड पूर्ण उघडेना. तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, "बाजारात बोलू नकोस. ठोक व्यापारी उधारी देताना हात आखडतील. मुलीच्या स्थळांचाही विचार कर." दाढ दुखते, असे आम्ही सर्वांना सांगत राहिलो. त्यात चार महिने गेले. नागपूरला नेले तेव्हा शस्त्रक्रिया मोठी करावी लागली. थकीत कर्ज लपविल्याने फिटत नाही, त्यावर व्याज चढत जाते, हे कर्जदारांना समजावण्यात माझी सारी नोकरी गेली. घरी मात्र तो नियम मी विसरलो.

पुतणीला मी 'श्वास' पाहावयास सांगितले. संदीप सावंत दिग्दर्शित हा चित्रपट 2004 साली प्रदर्शित झाला. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळविणारा तो पहिला मराठी चित्रपट. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार असते. शस्त्रक्रियेपूर्वी हे त्या बालकाला सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आजोबांना शब्द सापडत नाहीत. आजार ज्याचा, त्याला सत्य कळण्याचा पहिला अधिकार आहे, हे त्या चित्रपटाने मला शिकविले. लघुपटालाही हाच न्याय लागू पडतो. म्हणून पुतणीने आधी वडिलांची संमती घेतली. ते म्हणाले, "व्रण दाखव. जेवतानाचे दृश्य मात्र नको." तिने ते मान्य केले.

वाचकहो, तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड उघडणे कमी झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. पत आणि सोयरीक यांची काळजी त्यानंतर करता येते.

चित्रीकरणाच्या दिवशी भाऊ माझ्या समोरच, कॅमेऱ्याच्या मागे बसला होता. मी दोनदा अडखळलो. तिसऱ्या वेळी सांगितले, "ते चार महिने माझ्या सल्ल्याने गेले." पुतणीने मोबाइल बंद केला. भावाने उठून माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.