गाडी उंच करावी काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. घाटमाथ्यावरील एका वाडींत त्याची शेती आहे. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता कच्चा असून आषाढांत त्यास ओढ्याचें रूप येतें. वाडींत कोणी आजारी पडलें, कीं लोक रात्रीं-अपरात्रीं त्याच्याच दाराशीं येतात. कारण चारही चाकांना इंजिनाचें बळ पोंचविणारी लहानशी जिम्नी गाडी त्याच्यापाशीं आहे. "सर, स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उंच करून घ्यावी म्हणतों. आपलें मत काय?" असें त्यानें विचारलें. त्या दिवशीं मीं त्यास जें सांगितलें, तेंच येथें विस्तारानें मांडतों. कारण फाटकाबाहेर उंच केलेली एखादी गाडी उभी राहिली, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील मुलें तिजकडे कोणत्या नजरेनें पाहतात, हें मला ठाऊक आहे.

प्रथम उंच करण्याच्या बाजूनें काय म्हणतां येईल तें पाहूं. जिम्नीचें कुल मूळचें जपानांतील. तिची पहिली आवृत्ति १९७० सालीं निघाली. पांच दारांची जिम्नी आपल्या देशांत २०२३ सालीं विक्रीस आली. तिच्या दोन आंसांमधील अंतर २५९० मिलिमीटर असून तीन दारांच्या गाडींत तेंच २२५० आहे. अंतर वाढलें म्हणजे उंचवट्याच्या माथ्यावर गाडीचें पोट टेकण्याचा संभवही वाढतो. उंचवटा ओलांडण्याचा तिचा कोन २४ अंशांचा आहे. स्प्रिंगांनीं अंग ५० मिलिमीटर वर गेलें, तर ढोबळ हिशेबानें हा कोन चारएक अंशांनीं वाढतो. चढास लागतांना पुढचा बंपर व उतरतांना मागचा बंपरही अधिक सुटा राहतो. हा लाभ खरा आहे. तो नाकारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

परंतु येथेंच एक मोठा गैरसमज आहे. या गाडीचे पुढचे व मागचे दोन्ही आंस अखंड आहेत, आणि प्रत्येक आंसावर दंतचक्रांचा एक गोळा लोंबतो. जमिनीपासून २१० मिलिमीटर म्हणून जें अंतर सांगतात, त्याची मर्यादा हा गोळाच ठरवितो. आंस चाकांवर टेकलेला असतो, स्प्रिंगांवर नव्हे. म्हणून स्प्रिंग कितीही लांब घातली, तरी गोळा केसभरही वर जात नाहीं! त्यास वर नेण्याचा उपाय एकच, तो मोठा टायर. मूळचा टायर १९५/८० आर १५ या मापाचा असतो. त्याच्या जागीं २३५/७५ आर १५ घातला, तर व्यास सुमारें ४० मिलिमीटरनीं वाढतो आणि गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे २० मिलिमीटर, वर जातो. मात्र असा टायर वळतांना आंतल्या बाजूस घासूं शकतो. शिवाय वेगाचा कांटा ६० दाखवीत असतां गाडी खरोखर ६३च्या वर धांवत असते, आणि इंजिनास चढावर ओढही अधिक पडते.

आतां तोट्यांकडे वळूं. जिम्नीच्या दोन चाकांमधील रुंदी सुमारें १४०० मिलिमीटर, म्हणजे बेताचीच आहे. गणितासाठीं मानूं, कीं तिचा गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर आहे. तर ४५ अंशांच्या बाजूच्या उतारावर ती उलथण्याच्या सीमेवर येईल. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर नेला, कीं ही सीमा दीड अंशाहून थोडी अधिक अलीकडे येते. वर्गांत दीड अंश म्हणजे कोनमापकावरील एक बारीकशी जागा. घाटाच्या वळणावर, पाठीमागें चार माणसें कलंडलेलीं असतां, तोच दीड अंश आयुष्याएवढा होतो. जिम्नीच्याच कुळांतील सामुराय या गाडीवर १९८८ सालीं अमेरिकेंतील ग्राहकसंस्थेनें उलटण्याचा दोष ठेविला. कंपनीनें तो नाकारला, प्रकरण न्यायालयांत गेलें आणि २००४ सालीं आपसांत मिटलें. कोणाची बाजू खरी, हें मी ठरवीत नाहीं. परंतु अरुंद व उंच गाडीचा तोल हा थट्टेचा विषय नव्हे, एवढें त्यावरून समजावें.

याखेरीज अंग वर गेलें म्हणजे पुढच्या आंसाचा कल बदलतो व स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासें होतें. आंसास आडवी धरून ठेवणारी दांडी त्यास एका बाजूस ओढते. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. दिव्यांचा झोत समोरून येणाराच्या डोळ्यांवर जातो. या प्रत्येकावर उपाय आहे. परंतु स्वस्तांत काम करणारा मेस्त्री नुसत्या स्प्रिंगा घालून मोकळा होतो. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें ५२ वें कलम मूळ घडणीशीं विसंगत फेरफार करण्यास मालकास मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कडक अर्थानें लावलें आहे. विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफार भरपाईच्या वेळीं आडवा येऊं शकतो, हें वेगळेंच.

मग निर्णय कसा करावा? मीं त्यास म्हटलें, "बाळ, आधीं गाडीखालीं शीर आणि ओरखडे कोठें आहेत तें पाहा. पोटास व बंपरास असतील, तर स्प्रिंगांचा विचार कर. तोही ४० मिलिमीटरच्या आंत, सर्व पूरक भागांसह आणि परिवहन कार्यालयांत विचारून. ओरखडे गोळ्यास असतील, तर स्प्रिंगांवरील पैसा फुकट गेला असें समज."

आठ दिवसांनीं त्याचा निरोप आला. ओरखडे बहुतेक सारे गोळ्यासच होते. बैलगाड्यांनीं पाडलेल्या दोन चाकोऱ्यांमधला उंच वरंबा तो खालून खरवडीत होता. स्प्रिंगा बदलून तो वरंबा कांहीं खालीं बसला नसता! त्यानें खोल नक्षीचे, पण मापानें जवळजवळ मूळचेच टायर घेतले. एक चाक वरंब्यावर ठेवून गाडी हांकण्याची संवय केली. आणि वाडींतील लोकांना घेऊन दोन्ही चाकोऱ्या दगडांनीं भरून काढल्या. त्याच रस्त्यानें आतां बैलगाडीही सुखानें जाते.

आणखी एक गोष्ट त्यानें लिहिली होती. ती माझ्या ध्यानांत आली नव्हती, याची मला लाज वाटते. गुडघे धरलेल्या म्हातारीस किंवा दिवस भरलेल्या बाईस आहे त्याच उंचीवर चढवितांना दोघांना हात द्यावा लागतो. आणखी दोन इंचांनीं तिसरा माणूस शोधावा लागला असता.

उंच गाडी शोभिवंत दिसते, हें मीही कबूल करतों. परंतु ती कोणासाठीं उंच करावयाची, हा प्रश्न ज्यानें स्वतःस विचारला नाहीं, त्यानें पाना हातीं घेऊं नये.