मूठ सोडली की रेस उतरलीच पाहिजे

जुन्या स्कूटरची मूठ सोडल्यावर इंजिनाची रेस ताबडतोब खाली येत नसेल, तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नये. या बाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही. ‘जरा अडकते, पण हातानं मागे पिळली की येते’ हे वाक्य पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर, गॅरेजच्या बाकावर सतत कानावर पडतं आणि दर वेळी काळजी वाटते. ब्रेक कमी लागत असेल तर माणूस बेतानं चालवतो. क्लच घसरत असेल तर गाडीच मंदावते. एक्सिलेटर अडकला की मात्र गाडी आपल्या मनाविरुद्ध पुढे जाते, आणि हे कळतं ते मूठ सोडल्यावर, म्हणजे बहुधा समोर कुणीतरी आडवं आलेलं असताना.

पावसाळा नुकताच सरला आहे. एक्सिलेटरच्या केबलमध्ये शिरलेलं पाणी आता गंज होऊन बोलायला लागतं, म्हणून या आठवड्यात हाच विषय.

केबलची रचना जुनी आहे आणि साधी आहे. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. बाहेर पोलादी वेटोळ्यांचं आवरण, ज्याला मेस्त्री ‘आऊटर’ म्हणतात. आत बारीक पोलादी तारा पिळून केलेली वायर. वायरच्या टोकाला निपल, म्हणजे ती अडकवायचं छोटं बोंड. ही वायर फक्त ओढू शकते, तिला ढकलता येत नाही. मूठ पिळली की ती कार्बोरेटरची स्लाइड उघडते. स्लाइड पुन्हा मिटवण्याचं काम एकट्या स्प्रिंगचं. त्या स्प्रिंगला स्लाइड, अख्खी वायर आणि वरची मूठ असं सगळं मागे आणावं लागतं, आणि या वाटेवर कुठंही घासलं की तिचा जोर अपुरा पडतो. काही मोटरसायकलींना उघडायला एक आणि मिटवायला एक अशा दोन केबली असतात. आपल्या जुन्या स्कूटरांच्या नशिबी एकच.

बजाज चेतकचं उदाहरण घेऊ. १९७२ साली बाजारात आलेल्या आणि पुढे कित्येक वर्षं बनत राहिलेल्या या स्कूटरच्या कितीतरी गाड्या अजून चालत्या आहेत. तिची एक्सिलेटर केबल हँडलच्या आतून निघते, पुढच्या पत्र्यातून खाली उतरते, पाय ठेवायच्या जागेखालून मागे जाते आणि उजव्या बाजूच्या इंजिनावर, कार्बोरेटरच्या डबीत शिरते. म्हणजे वरून खाली आणि मग पुन्हा वर. हँडलकडून आत झिरपलेलं पाणी सगळ्यात सखल भागात साचून राहतं, नेमकं जिथं आपल्याला काही दिसत नाही तिथं. कोकणात, मुंबईत, किंवा चार महिने झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत ही केबल आतून तांबडी झालेली निघते. बाहेरचं प्लास्टिक तेव्हाही ठणठणीत दिसत असतं, त्यामुळे नुसतं बघून निदान होत नाही.

निदान मात्र कुणालाही करता येतं, आणि ते केल्याशिवाय तेलाची बाटली हातात घेऊ नये. इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरकडचं वायरीचं टोक सोडवा. तिथला खटका बोटानं उचलून सोडा. तो टपकन जागेवर आला तर कार्बोरेटर निर्दोष. रेंगाळला तर दोष तिथंच आहे: बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल आटून चिकट थर बसतो आणि स्लाइड त्यात अडते. अशा गाडीची केबल बदलून काहीही होणार नाही, डबी उघडून स्लाइड धुवावी लागेल. कार्बोरेटर ठीक असेल तर वायर हातानं मागेपुढे ओढून पाहा. त्यानंतर वरचं टोकही सोडवून नुसती मूठ फिरवा. चेतकमध्ये मुठीची नळी हँडलच्या ओतीव भागात फिरते आणि तिथलं वर्षानुवर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. मोटरसायकलवर वेगळा घोटाळा आढळतो: रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेलं जाड ग्रिप कव्हर शेवटच्या टोपणाला किंवा आतल्या बाजूच्या स्विचला दाबून बसतं. कव्हर काढलं की आजार बरा.

दोष वायरीतच निघाला तर पुढचा प्रश्न: तेल घालायचं की बदलायची? निपलजवळची दोन-चार इंच वायर उजेडात धरा. एक जरी बारीक तार तुटून बाहेर आली असेल तर वाद संपला, केबल बदला. ते टोक आऊटरच्या तोंडाशी अडकतं आणि रेस उघडी राहते. तारा अखंड असतील, नुसता कोरडेपणा असेल, तर तेल चालतं. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या छोट्या पिशवीचा कोपरा कापून दोऱ्यानं घट्ट बांधा, त्यात पातळ मशीन ऑइल ओता आणि वायर हलवत राहा. खालच्या टोकातून आधी काळं, मग स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत थांबायचं. ग्रीस इथं नको, ते धूळ धरतं. रॉकेल किंवा डिझेल घालून गाडी परत देण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. त्यानं मळ सुटतो, पण मागे टिकाऊ वंगण राहत नाही, आणि तीच तक्रार पुन्हा दारात येते. आऊटरमध्ये नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या केबलींना बहुतेक वेळा तेलाची गरजच नसते.

याहून वाईट प्रकार म्हणजे जादा स्प्रिंग लावणं. केबल घासते म्हणून कार्बोरेटरला आणखी एक स्प्रिंग अडकवतात, कधी ट्यूबची पट्टी ताणून बांधतात. मूठ परत येते, गिऱ्हाईक खूश होतं. आतली वायर मात्र तशीच घासत, झिजत राहते आणि आता तिच्यावर ताण वाढलेला असतो. एका साध्या केबलची किंमत पेट्रोलच्या एका फेरीइतकीही नसते. एवढ्यासाठी माणसाचा जीव टांगणीला लावणाऱ्या दुरुस्तीला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर पहिला हात क्लचवर जायला हवा. क्लच दाबला की इंजिन किंचाळेल, टू-स्ट्रोक तर फारच. किंचाळू द्या. चाकाची ताकद तुटली आहे, हे महत्त्वाचं. मग किल्ली किंवा बंद करायचं बटण, आणि दोन्ही ब्रेक. पेट्रोलचा कॉक फिरवून तत्काळ काही होत नाही, कारण कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल शिल्लक असतं. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारीतही आधी क्लच आणि न्यूट्रल. तिथं ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नये, एकदाच जोरात दाबून धरावा, नाहीतर पॅडलला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो. आणि गाडी थांबल्यावर केबलला दोष देण्याआधी पायाखालची मॅट पॅडलवर चढली आहे का, ते बघावं.

पीयूसीसाठी आपण वेळेवर रांगेत उभे राहतो. तिथं धूर तपासतात, मूठ परत येते का हे कुणी तपासत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी आरटीओत न्यावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. त्या तपासणीत हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मूठ सोडून पाहण्याची एक सक्तीची चाचणी असावी, अशी माझी मागणी आहे. तिला ना यंत्र लागतं, ना मिनिटभराहून जास्त वेळ. २०२० साली आलेल्या विजेवरच्या चेतकला ही वायरच नाही, हे खरं. पण जुन्या गाड्या पुढची अनेक वर्षं याच रस्त्यांवर राहणार आहेत.

नवी केबल टाकताना जुनी ओढून फेकू नका. जुन्या आऊटरच्या टोकाला नवा आऊटर पक्का बांधा आणि जुना दुसऱ्या बाजूनं हळूहळू ओढत न्या, म्हणजे नवा पत्र्यामधून आपसूक मूळच्या वाटेनं जातो. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये स्टँडवर सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल कुठंतरी ताणली गेली आहे, वाट बदलून पुन्हा बसवा. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, तेव्हा आठवड्याभरानं मोकळी चाल पुन्हा एकदा मोजा.